मुळांना गाठी आल्यावर निंबोळी, झेंडू, मोहरी: नेमकं कधी, किती आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायणगाव पट्ट्यात एकरभर उन्हाळी टोमॅटो, मार्चअखेरची लागवड, आज ४५ दिवस झालेत. दुपारी झाडं माना टाकतात, पाणी कमी नाही तरी, आणि एका कडेची झाडं पिवळी पडून तिथंच थांबलीयेत. एक झाड उपटलं तर मुळावर गाठीच गाठी. दुकानात विचारलं तर १०,००० पीपीएमचं नीम एकरी लिटरभर ड्रिपने सोडा म्हणाले, दोनदा सोडलं, काही फरक नाही. आता विचारणं असं की टोमॅटोच्या मधे झेंडू लावू का, मोहरीची पेंड टाकू का, की हे वनस्पतीजन्य म्हणजे सगळी फसवणूकच आहे?

फसवणूक नाही दादा. मी वीसेक वर्षं भाजीपाल्यात आहे, आधी स्वतःच्या शेतात आणि मग दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहून, आणि निमॅटोडवर, म्हणजे मुळाला गाठी करणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमीवर, या गोष्टी काम करताना डोळ्यांनी पाहिल्यात. पण त्या लागवडीच्या आधी काम करतात. उभ्या पिकात, मुळाला गाठ आल्यावर, बाटलीतून सोडून गाठ जात नाही, कुणाचीही जात नाही. हे का ते आधी समजून घ्या, कारण एकदा हे डोक्यात बसलं की कुठली पेंड, कधी, किती हे तुमचं तुम्हालाच सुचायला लागेल.

हा जो निमॅटोड आहे, गाठी करणारा, मेलॉयडोगायनी म्हणतात त्याला, आपल्याकडे टोमॅटो-काकडीत बहुतेक वेळा इन्कॉग्निटा नाहीतर जावानिका जातीचा असतो. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, डोळ्याला दिसत नाही. ते मातीतल्या ओलाव्यातून सरकत सरकत पांढऱ्या मुळीच्या टोकाशी येतं, टोकाच्या जरा मागून आत शिरतं, एका जागी बसतं आणि तिथल्या पेशी फुगवून त्यावर जगायला लागतं. मग ते हलत नाही. मादी तिथंच फुगून गोल होते, तिच्याभोवती मूळ सुजतं, ती सूज म्हणजे तुमची गाठ. आणि ती मादी चिकट जेलीसारख्या गोळ्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते, कधी जास्त पण. जमीन २५ ते २८ अंशाला असली की अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत साधारण २५ ते ३० दिवस लागतात. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या टोमॅटोत चार पिढ्या सहज होतात.

आता बघा, यात उघड्यावर ते किती दिवस असतं? फक्त अंड्यातून निघून मुळीत शिरेपर्यंत. काही दिवस. बाकी सगळं आयुष्य एकतर मुळाच्या आत नाहीतर जेलीच्या गोळ्यात. नीम असो, लसूण असो, मोहरी असो, त्यातलं विष पिल्लाला लागायचं तर ते उघड्यावर असताना आणि विष त्याच ओलाव्यात पुरेसं असताना लागणार. तुमच्या झाडावर आज ज्या गाठी दिसतायत त्या तीन-चार आठवड्यांपूर्वी आत शिरलेल्या पिल्लांच्या आहेत. त्यांना वरून काहीही लागत नाही. लागवडीनंतरचे पहिले तीन आठवडे रोप कोवळं असतं, मुळी मोजकी असते, तेव्हा पिल्लं शिरली तर झाडाचा सांगाडाच बसत नाही, आणि तेव्हा शिरली नाहीत तर पुढं दीड महिन्यानं आलेल्या गाठी झाड बऱ्यापैकी सोसतं. सगळी लढाई त्या तीन आठवड्यांची आहे.

आता लिटरभर नीमचा हिशोब करू, कारण हा हिशोब कुणी करून दाखवत नाही. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का, म्हणजे लिटरमागे साधारण १० ग्रॅम ॲझाडिरॅक्टिन, नीममधलं मुख्य कडू द्रव्य. एकर जमिनीचा वरचा १५ सेंमीचा थर धरला तर माती होते साधारण साडेआठ लाख किलो. बरं, ड्रिपचं पाणी सगळीकडे जात नाही, रानाचा पाचवा हिस्सा भिजतो म्हणू, तरी १ लाख ७० हजार किलो. त्यात १० ग्रॅम. टनभर मातीला ६० मिलिग्रॅम सुद्धा नाही पडत. शिवाय ॲझाडिरॅक्टिन मातीतल्या सेंद्रिय भागाला चिकटतं आणि जिवाणू ते थोड्या दिवसांत खाऊन टाकतात. मग फरक शून्य येणारच ना. औषध खोटं होतं असं मी म्हणत नाही, मापच तेवढं होतं. काचेच्या वाटीत पिल्लं नीमच्या पाण्यात टाकली तर मरतात हे खरं आहे, पण वाटीतलं पाणी आणि तुमचा बेड यात फार अंतर आहे.

उभ्या प्लॉटचं आधी सांगतो. गाठी बऱ्या करायच्या मागे लागू नका, नवीन पांढरी मुळी फुटेल आणि चालत राहील एवढंच बघा. पाणी थोडं थोडं, दिवसातून दोनदा, कारण गाठाळलेलं मूळ एकदम पाणी उचलू शकत नाही आणि दुपारच्या माना टाकण्याचं कारण तेच आहे, म्हणून पाणी वाढवत सुटलात तर वरून मूळकूज येईल. मल्चिंग पेपरच्या भोकात खोडाशी चांगलं कुजलेलं कंपोस्ट दोन-तीन मुठी भरा, टोमॅटोला खोडापासून नवीन मुळी सोडायची सवय आहे, ती त्या खतात फुटते. त्या कंपोस्टमध्ये झाडाला पन्नास-साठ ग्रॅम निंबोळी पेंड आणि पर्प्युरिओसिलियम बुरशी (जुनं नाव पॅसिलोमायसिस, बऱ्याच पाकिटांवर अजून तेच असतं) मिसळली तर पुढच्या पिढीची अंडी आणि पिल्लं थोडी कमी होतील. थोडीच. नीम सोडायचंच असेल तर सगळीकडे पसरवण्यापेक्षा तेवढंच नीम फक्त खराब कडेच्या बेडला, आठ-दहा दिवसांच्या अंतराने द्या. नोंदणी असलेली नवीन रासायनिक औषधं पण आहेत, फ्लुओपायरमसारखी, पण ती सुद्धा लागवडीच्या वेळेलाच खरी चालतात, आज ४५ व्या दिवशी त्यावर एवढा खर्च करा असं मी सांगणार नाही. आणि कुणाकडे जुनं फोरेट नावाचं कीडनाशक पडलेलं असेल आणि तो देत असेल तर हात लावू नका, ते २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्या देशात बंद झालंय आणि ते फळाच्या पिकात टाकणं म्हणजे खाणाऱ्याशी दगा आहे.

आता झेंडू. याच्याबद्दल जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाबद्दल नाही. झेंडूच्या मुळात अल्फा-टरथिएनिल नावाचं गंधकयुक्त रसायन असतं, ते निमॅटोड मारतं हे १९५८ मध्येच डच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, म्हणजे गोष्ट नवीन नाही आणि खोटी पण नाही. पण ते काम करतं जिवंत मुळाच्या आत आणि मुळाला लागून. पिल्लू झेंडूच्या मुळात शिरतं आणि तिथं मरतं किंवा वाढत नाही, अंडी घालायची वेळच येत नाही. म्हणजे झेंडू हा सापळा आहे. एका ओळीत झेंडू आणि तीन फुटांवर टोमॅटो असेल तर टोमॅटोच्या मुळाशी असलेलं पिल्लू झेंडूकडे कशाला जाईल? निमॅटोड स्वतःच्या पायाने वर्षभरात मीटरभर पण जात नाही. बांधाला एक ओळ झेंडू लावून निमॅटोड जात नाही. ती ओळ हेलिकोव्हर्पाच्या, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून लावतात, तिथं तिचा उपयोग आहे, ती गोष्ट वेगळी. आणि पानांचा अर्क करून सोडणं, फुलं कुजवून टाकणं, हे पण त्यातलंच, माल मुळात आहे आणि तुम्ही पाला घेताय.

झेंडूचा फायदा घ्यायचा तर पूर्ण रान झेंडूचं करायचं, निदान दोन-अडीच महिने, दाट लावायचा आणि रान तणमुक्त ठेवायचं. तण हा शब्द लोक ऐकून सोडून देतात म्हणून परत सांगतो, माठ, घोळ, कामोणी या सगळ्यांच्या मुळावर हाच निमॅटोड मजेत वाढतो, झेंडूच्या मधे ही तणं उभी असतील तर एका हाताने मारून दुसऱ्या हाताने पोसल्यासारखं आहे. फुलासाठी आपण दोन फुटाच्या पुढे अंतर ठेवतो, निमॅटोडसाठी ते फार झालं, झाडं वीतभर अंतरावर पाहिजेत म्हणजे मुळांची जाळी बेडभर पसरते. दोन्ही जमवायचं तर मी बेडवर दोन ओळी जवळ घेतो, फुलाचं उत्पन्न थोडं कमी धरतो. छोट्या फुलाचा फ्रेंच झेंडू या कामात बऱ्याच वेळा आफ्रिकन मोठ्या झेंडूपेक्षा चांगला निघतो, पण बाजारात आपल्याला मोठं फूल लागतं, त्यामुळे ज्याला नुसती जमीन सुधारायची आहे त्याने फ्रेंच लावावा, ज्याला पैसे पण पाहिजेत त्याने मोठा.

आणि तुमच्यासाठी हे वेळापत्रकात फार छान बसतं. तुमचा टोमॅटो जुलैत संपेल. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच रानात झेंडूची तयार रोपं लावा, दसरा-दिवाळीची फुलं मिळतात, दिवाळी झाली की झाडं रोटरने तिथंच गाडा, आणि पुढचा टोमॅटो परत मार्चला. पैसे पण आले, जमीन पण धुतली गेली.

पण मला माहितीये तुमच्या भागात काय करतात. टोमॅटो संपला की तार-बांबू आणि मल्चिंग पेपर तसाच ठेवून त्याच भोकात काकडी नाहीतर दोडका, कारलं लावतात. खर्च वाचतो हे मान्य आहे, बांबू-तारेचा खर्च मला माहिती आहे, पण निमॅटोडच्या रानात हे करणं फार महागात पडतं, कारण काकडी त्याला टोमॅटोइतकीच आवडते आणि टोमॅटोच्या जुन्या मुळातल्या लाखो अंड्यांच्या मधोमध तुम्ही काकडीचं बी टोचताय. मी असे प्लॉट बघितलेत जिथं काकडीने दोन तोडे दिले आणि बसली, आणि शेतकरी डाउनीला, म्हणजे पानांवरच्या केवडा रोगाला, औषधं मारत राहिला. डाउनी नव्हताच, खाली मूळ संपलं होतं. तुमच्या प्लॉटमध्ये यंदा हे करू नका एवढी कळकळीची विनंती आहे.

पेंडींवर येऊ, कारण माझ्या अनुभवात आपल्याकडच्या भाजीपाल्यात सगळ्यात भरवशाचं हेच आहे. निंबोळी पेंड काम करते ती नुसत्या ॲझाडिरॅक्टिनमुळे नाही. त्यात निंबिन, सालानिन वगैरे कडू द्रव्यं आहेत ती एक गोष्ट, पण पेंड कुजताना अमोनिया सुटतो, छोटी सेंद्रिय आम्लं सुटतात, ती पिल्लांना मारतात, आणि तिसरं म्हणजे त्या कुजण्यावर जिवाणू-बुरशी भरमसाट वाढतात, त्यातल्या काही निमॅटोडची अंडी खाणाऱ्या असतात. म्हणजे पेंड मातीत कुजली पाहिजे, तिचं काम कुजण्यातच आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. लागवडीच्या दिवशी टाकलेली पेंड त्या पहिल्या तीन आठवड्यांत उशिरा पोचते आणि वरून कोवळ्या मुळीला अमोनियाचा चटका बसतो तो वेगळा. आणि कोरड्या मातीत टाकून ठेवलेली पेंड तशीच पडून राहते, काही होत नाही. लागवडीच्या १५ ते २० दिवस आधी बेडमध्ये टाकायची, मातीत मिसळायची, पाणी देऊन वापशावर (ओलसर, पण चिखल नाही अशी) ठेवायची, मल्चिंग पेपर टाकायचा, मग रोप.

किती टाकायची? शिफारशी हेक्टरी १ ते २ टनाच्या असतात, एकरी ४०० ते ८०० किलो. कुंडीतल्या प्रयोगात जे डोळे दिपवणारे आकडे येतात तिथं बऱ्याच वेळा पेंड मातीच्या वजनाच्या अर्धा-एक टक्का असते, ते माप एकरभर रानाला लावायचं तर चार-आठ टन पेंड लागेल, कुणाला परवडणार. म्हणून रानभर फेकायची नाही. ४०० किलो पेंड पूर्ण रानात फेकली तर काहीच नाही, तीच फक्त लागवडीच्या ओळीत, फूटभर रुंद आणि वीतभर खोल पट्ट्यात मिसळली तर रोपाच्या सुरुवातीच्या मुळीभोवती माप भरतं. एवढ्या एका बदलाने मी पेंडीचा रिझल्ट पालटलेला बघितलाय. पेंडीत साधारण पाच टक्के नत्र असतं, म्हणजे ४०० किलोतून २० किलो नत्र येणार, तेवढं बेसल डोसमधून, म्हणजे लागवडीच्या वेळच्या खतातून, कमी करा, नाहीतर झाड नुसतं पाल्यावर जाईल.

पेंड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझ्या स्वतःच्या प्लॉटवर एकदा मी तीस पोती स्वस्त पडली म्हणून घेतली, टाकली, आणि त्या वर्षी ढोबळीला गाठी जशाच्या तशा. नंतर शिल्लक पोत्यातली मूठभर पेंड पाण्याच्या ग्लासात टाकली तर खाली बोटभर माती बसली आणि वर भुसा तरंगला, जिभेला लावली तर कडूपणा नावाला. आता मी पोतं फोडून ग्लासात टाकल्याशिवाय पैसे देत नाही. वास उग्र पाहिजे, चव चांगली कडू पाहिजे, बोटाला किंचित तेलकट लागली पाहिजे, कारण घाण्याच्या किंवा एक्स्पेलरच्या पेंडीत थोडं तेल राहतं आणि त्या तेलासोबत कडू द्रव्यं पण राहतात. सॉल्व्हंटने तेल पूर्ण काढून घेतलेली पेंड नत्र देते पण कडूपणात कमी पडते. आणि खरं सांगू का, जून-जुलैत आपल्या बांधावर, गावाच्या रस्त्याला निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवला आणि वापरायच्या आधी भरडला तर त्याच्याइतका अस्सल माल विकत मिळत नाही. तुम्हाला मार्चला लागणार आहे, निंबोळी आत्ता महिन्याभरात पडायला लागेल. ओली पोत्यात भरू नका, बुरशी लागून सगळी वाया जाते.

दुसऱ्या पेंडी पण चालतात. करंज पेंड चांगली आहे, विदर्भ-मराठवाड्यात मिळते. एरंडी पेंड जोरदार कुजते आणि काम पण करते, पण तिच्यात रायसिन असतं, कुत्री वासाने उकरून खातात आणि मरतात, गुरांनी तोंड घातलं तर तेच, म्हणून टाकल्या टाकल्या मातीत गाडा आणि पोती घराजवळ ठेवू नका. मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं, शेततळ्यात मासे सोडले असतील तर तिचं पाणी तिकडे जाता कामा नये, मासे तडफडून वर येतात. वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे हा समज डोक्यातून काढा.

पेंडीत बुरशी वाढवून टाकायची पद्धत बंगळूरच्या आयआयएचआरने (फळं-भाजीपाल्यावरची केंद्राची संशोधन संस्था) बरीच पसरवली, ती मी गेली काही वर्षं नियमाने करतो. शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून सावलीत ढीग करायचा, शंभर किलोला एक-दोन किलो ट्रायकोडर्मा (ही पण उपयोगी बुरशीच) आणि तेवढंच पर्प्युरिओसिलियम, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही इतपत ओल, वर ओलं पोतं, आणि पंधरा दिवस, मधे एकदा-दोनदा उलटायचं. ढीग तापला तर लगेच पसरवा, बुरशी उष्णतेने मरते. नुसती पेंड आणि ही पेंड यात मला दुसऱ्या महिन्यानंतर फरक दिसतो, कारण तोपर्यंत पेंडीचा कडूपणा संपलेला असतो आणि बुरशीचं काम चालू झालेलं असतं.

मोहरीच्या बाबतीत मात्र मी सावध आहे, आणि कारण सांगतो. मोहरीत सिनिग्रिन असतं, पेशी फुटली की मोहरीतलंच एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि ॲलिल आयसोथायोसायनेट नावाचा वायू सुटतो, मोहरी फेसताना नाकात जातो तोच. मेटाम सोडियम नावाचं जे रासायनिक धुरीकरण आहे त्यातून पण आयसोथायोसायनेटच सुटतं, म्हणजे घराणं एकच. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात कर्कगार्ड आणि सोबत्यांनी याला बायोफ्युमिगेशन असं नाव दिलं आणि थंड देशांत त्यावर खूप काम झालं. करायचं असं की मोहरी भर फुलोऱ्यात आली की बारीक चिरडून लगेच, म्हणजे तासाच्या आत, मातीत गाडायची, पाणी द्यायचं आणि प्लास्टिकने झाकायचं, नाहीतर वायू उडून जातो. आणि हिरवा माल चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास पाहिजे, म्हणजे गुंठ्याला पाचशे किलो. आपल्याकडे विरळ पेरलेल्या मोहरीत एवढा माल निघत नाही, तिथंच अर्धा खेळ संपतो.

पण माझी मोठी अडचण वेगळी आहे. मोहरीच्या मुळावर हाच निमॅटोड वाढतो. थंड मुलखात हिवाळ्यात माती १८ अंशाच्या खाली जाते तेव्हा पिल्लं मुळात शिरत नाहीत, त्यामुळे तिथं मोहरी वाढेपर्यंत धोका नसतो. आपल्याकडे जमीन तेवढी थंड फार दिवस राहत नाही. मी एका जानेवारीत मोहरी लावली, कामाच्या गडबडीत गाडायला उशीर झाला, पार शेंगा धरल्या, उपटून बघितलं तर मुळावर बारीक बारीक गाठी, म्हणजे मीच निमॅटोड वाढवून ठेवला होता. त्यामुळे करायचीच असेल तर डिसेंबरला पेरा, दाट पेरा, सात आठवड्यांच्या आत गाडा, आणि दर पंधरा दिवसांनी दोन-चार झाडं उपटून मुळं बघा. गाडल्यावर तीन आठवडे रोप लावू नका, आणि ट्रायकोडर्मा वगैरे त्यानंतरच, कारण तो वायू चांगल्या बुरशीलाही सोडत नाही. तुम्ही पेंडीचं विचारलंय, तर मोहरीची पेंड घाण्याची, थंड दाबलेली असेल तरच तो वायू सुटतो, उष्णता लागलेल्या पेंडीतलं एन्झाइम मेलेलं असतं, ती मग साधं खत म्हणून टाकल्यासारखी आहे.

याच्यापेक्षा मला ताग जास्त आवडतो. त्याच्या मुळावर हा निमॅटोड नीट वाढत नाही, वरून हिरवळीचं खत मिळतं. दाट पेरायचा, ४० ते ४५ दिवसांनी, खोड जरठ व्हायच्या आत, गाडायचा. बी धरू द्यायचं नाही, ते गुरांना विषारी असतं. ज्याला झेंडूचा बाजार नको, मजूर नाहीत, त्याने जुलै-ऑगस्टमध्ये ताग करावा, मी डोळे झाकून सांगतो.

कडवळाचं पण असंच आहे आणि हे फार कमी लोकांना माहिती असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते तिच्यातल्या धुरिनमुळे, त्यातून सायनाइड सुटतं. तेच कोवळं कडवळ महिना-दीड महिन्याचं असताना चिरडून मातीत गाडलं तर ते मातीत पिल्लांवर काम करतं. जून झाल्यावर धुरिन कमी होतं, मग नुसता काडीकचरा. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी गाडायच्या वेळेस ती रानात सोडू नयेत, एवढं सांभाळावं.

लसूण, ओवा, दालचिनी यांच्या तेलावर बरंच संशोधन आहे, प्रयोगशाळेत पिल्लं झपाट्याने मरतात, पण रानाच्या मापाने खर्चाचा प्रश्न वर सांगितलेल्या नीमसारखाच, आणि वरून ते उडूनही जातं. नर्सरीच्या ट्रेमध्ये, जिथं मातीच थोडी असते, तिथं अशा गोष्टींना अर्थ आहे.

नर्सरीवरून आठवलं, रोपं कुठून आणली? मला विचाराल तर पहिली शंका तिथं घ्यावी. एका कडेचीच झाडं जास्त खराब असतील तर जुना निमॅटोड तिथं आधीपासून होता किंवा भाड्याचा रोटर कुणाच्या तरी रानातून माती घेऊन तिथून आत आला, पण सगळीकडे विखरून झाडं खराब असतील तर रोपातूनच आलाय. कोकोपीटच्या ट्रेमधली रोपं त्यातल्या त्यात बरी, मातीच्या गादीवाफ्यावरची असतील तर वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड आधी कुजवलेली पाहिजे. रोप घेताना चार ट्रेमधलं एकेक रोप धुऊन मुळी बघायची, नर्सरीवाला नाराज झाला तरी चालेल. पॉलिहाऊसवाल्यांनी तर बाहेरून आणलेल्या लाल मातीची सुद्धा हीच तपासणी करावी, कारण ट्रकभर मातीबरोबर निमॅटोड फुकट येतो.

तपासणी सोपी आहे, घरी होते. बेडच्या आठ-दहा जागांवरून, वीतभर खोलीची, मुळाजवळची माती घ्या, मिसळा, दोन-तीन कुंड्या भरा, त्यात काकडीचं बी टोचा. शेजारी एका कुंडीत चुलीवर चांगली तापवून गार केलेली तीच माती. महिन्याने सगळ्या कुंड्यांतली झाडं हळूच पाण्यात धुऊन मुळं शेजारी शेजारी ठेवा. भिंग लागत नाही. नीट आकडा पाहिजे असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, तिथं किंवा तुमच्या नारायणगावच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विचारा. माती पाव किलो, प्लास्टिकच्या पिशवीत, ओलसर आणि सावलीत न्यायची, उन्हात गाडीच्या डिकीत तापली की आतला निमॅटोड मरतो आणि रिपोर्ट चुकीचा स्वच्छ येतो.

आता शेवटचा तोडा झाला की काय करायचं ते. पाणी बंद करून झाडं तशीच वाळत ठेवू नका, मुळात अंडी तशीच राहतात. शेवटच्या तोड्यानंतर चार-पाच दिवसांत, जमीन वापशावर असताना, कुदळीने सैल करून मुळासकट उपटा आणि मुळं बांधावर उन्हात पसरून कडकडीत वाळवा, पाऊस लागला तर जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. आणि उपटताना प्रत्येक बेडच्या दहा झाडांच्या मुळांना शून्य ते पाच मार्क द्या, गाठ नाही तर शून्य, सगळं मूळ सुजलंय तर पाच, आणि बेड नंबर टाकून वहीत लिहून ठेवा. ऑगस्टला झेंडू पूर्ण रानात जाईलच, पण फेब्रुवारीत पेंड टाकताना तीन आणि वरच्या बेडला दुप्पट, एक-दोनवाल्यांना निम्मी, आणि शून्यवाल्या बेडमध्ये जाताना फावडं आणि पाय धुऊन, आधी त्यांचं काम उरकून मग खराब बेडकडे जायचं.